बरोबरी

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना शतरंज खेळता येत असेल. मराठीत या खेळाला बुद्धिबळ म्हणतात. नाव नवे वाटले तरी बिचकू नका. पटाजवळ बसलात की सगळी ओळखीची मंडळी भेटतील. तुमचा वजीर मराठीतही वजीरच आहे. पियाद्याचे मराठीत प्यादे झाले आहे. मोहरा, शह आणि मात हे शब्द तर जवळजवळ जसेच्या तसे आहेत. हा खेळ मूळचा आपल्याच देशातला. त्याचे जुने नाव चतुरंग. तो इराणात गेला, तेथून अरबांकडे गेला, आणि पुढे 'शतरंज' हे नाव व फारसी शब्दांचे गाठोडे घेऊन आपल्याकडे परत आला.

आज मी तुम्हांला माझ्या एका डावाची गोष्ट सांगणार आहे. तो डाव मी जिंकलो नाही आणि हरलोही नाही. असे असताना तो सांगण्यासारखा का आहे, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

आमचे तळा हे गाव रायगड जिल्ह्यात डोंगरांच्या कुशीत आहे. गावाच्या डोक्यावर तळगड उभा आहे. रविवारी दुपारी गावातल्या एका घराच्या पडवीत आम्ही पाच-सहा जण जमतो. दोन पट मांडतो. यालाच आम्ही मोठ्या ऐटीने 'क्लब' म्हणतो. आमच्या क्लबाला पाटी नाही, वर्गणी नाही. ज्याच्या घरी पट मांडला त्याने चहा द्यायचा, एवढाच नियम.

आमच्यात सर्वांत वडील म्हणजे एक निवृत्त पोस्टमन. त्यांना सगळे काका म्हणतात. सारी हयात त्यांनी वाडीवस्तीवर पायी पत्रे वाटली. त्यामुळे की काय, त्यांच्या खेळात घाई नावाला नाही. मी या पडवीत पहिल्यांदा आलो, तेव्हा माझी मराठी फार कच्ची होती. घरात कोकणी, शाळेत उर्दू. मराठी बोलताना जीभ अडखळे. काका माझी चूक कधी हसण्यावारी नेत नसत. माझी खेळी होईपर्यंत थांबत आणि मग हळूच म्हणत, "मास्तर, 'तो घोडी' नाही, 'ती घोडी'. आणि हा तर घोडा आहे!" अशा रीतीने बुद्धिबळ आणि मराठी मी एकाच पटावर शिकलो.

काकांचा डाव सुरू करण्याचा एक ठरलेला प्रकार होता. बहुतेक खेळाडू पांढरे मोहरे मिळाले की राजापुढचे किंवा वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकतात. पटाच्या मधली चार घरे महत्त्वाची असतात. तेथून मोहऱ्यांना चारी दिशा मोकळ्या मिळतात, म्हणून जो तो मध्यभाग धरायला धावतो. काका मात्र राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचे प्यादे एकच घर पुढे सरकवत. त्यामुळे रिकाम्या झालेल्या घरात ते आपला उंट आणून बसवत. तो उंट पटाच्या कोपऱ्याजवळ गुपचूप बसे. पण तेथून त्याची तिरपी नजर मधल्या घरांवरून थेट पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत पोचे. मध्यभाग स्वतः न व्यापता बाजूने त्यावर लक्ष ठेवायचे, अशी ही सुरुवात आहे.

मी त्यांना एकदा विचारले, "काका, दोन घरे पुढे जाता येत असताना तुम्ही एकच घर का जाता?"

ते म्हणाले, "आमच्या आजोबांनी असंच शिकवलं. त्यांच्या खेळात प्यादं एकच घर चालायचं."

काकांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडच्या जुन्या देशी पद्धतीत पहिल्या खेळीलाही प्यादे एकच घर पुढे जाई. त्यामुळे आपले खेळाडू मध्यभागी धाव घेण्यापेक्षा बाजूने हळूहळू बांधणी करीत. इ. स. १८५० च्या सुमारास कलकत्त्याला महेशचंद्र बॅनर्जी नावाचे एक खेळाडू होते. जॉन कॉक्रेन या स्कॉटिश बॅरिस्टराशी त्यांचे पुष्कळ डाव झाले. काळे मोहरे घेऊन बॅनर्जी असाच उंट बाजूला बसवून खेळत. कॉक्रेनमुळे ते डाव युरोपात पोचले. आज जगभर काही बचावांच्या नावांत 'इंडियन' हा शब्द आहे, तो या खेळीची आठवण ठेवून आहे. पुढे १९६२ साली क्युरासाव बेटावरच्या स्पर्धेत पाल बेन्को या खेळाडूने नेमके काकांचेच पहिले प्यादे सरकवून बॉबी फिशर आणि मिखाइल ताल या दोघांना हरवले. हे मी काकांना सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "असं? मग आजोबा बरोबर होते म्हणायचे."

आता त्या डावाकडे वळतो. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी संपत आली होती. भातकापणी उरकली होती आणि खळ्यांवर झोडणी चालू होती. त्या रविवारी पडवीत माझ्या वर्गातले तीन-चार विद्यार्थीही आले होते. त्यांत नववीतला एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगत नाही. सहामाही परीक्षेत तो मराठीत नापास झाला होता. नापास तर इतरही झाले होते. पण याची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी होती. मी विचारल्यावर तो खाली मान घालून म्हणाला होता, "सर, गलत होनेवाला था, तो लिखा ही नहीं." सुट्टीनंतर शाळेत यायचे नाही, मुंबईला मामाच्या दुकानात कामाला लागायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते. हे मला त्याच्या मित्रांकडून कळले होते.

काकांनी नेहमीप्रमाणे घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवले. मुलांसमोर आपला रुबाब दाखवावा, असे मला वाटले. मी राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे टाकले. त्यांनी उंट कोपऱ्याजवळ बसवला. मी वजिरापुढचे प्यादेही दोन घरे पुढे टाकले. माझी दोन प्यादी पटाच्या मध्यावर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. मुले माझ्याकडे कौतुकाने पाहू लागली. मलाही वाटले, आज काकांची खैर नाही.

पण जागा मिळवणे वेगळे आणि जागा राखणे वेगळे. काकांनी घोडे बाहेर काढले, राजा सुरक्षित केला आणि माझ्या प्याद्यांवर एकेक मोहरा रोखायला सुरुवात केली. त्या दोन प्याद्यांची राखण करता करता माझे दोन्ही घोडे आणि एक उंट अडकून पडले. मला दुसरे काही करताच येईना. विसाव्या खेळीच्या सुमारास काकांनी उंटापुढचा घोडा सहज बाजूला घेतला. मी घोड्याकडेच पाहत राहिलो. घोडा हलल्यामुळे मागच्या उंटाची वाट मोकळी झाली होती, हे माझ्या ध्यानातच आले नाही. पुढच्या खेळीला वजिरापुढचे माझे प्यादे गेले.

एक प्यादे म्हणजे फार काही नाही, असे तुम्हांला वाटेल. पण बुद्धिबळात ते शेवटच्या घरात पोचले की त्याचा वजीर होतो. म्हणून शहाणा खेळाडू एक प्यादे वर असला की बाकीच्या मोहऱ्यांची मारामारी करून टाकतो. पट रिकामा होत गेला की ते एक प्यादे मोठे मोठे होत जाते. काकांनी तेच केले. वजीर गेले, हत्ती गेले, घोडे आणि उंट गेले. तासाभराने पटावर तीनच मोहरे उरले. त्यांचा राजा, राजाच्या ओळीतले त्यांचे एक प्यादे आणि माझा एकटा राजा.

खरे सांगतो, त्याच्या आधीच मी डाव सोडणार होतो. प्यादे गेले तेव्हाच माझा हात राजा आडवा करण्यासाठी पुढे झाला होता. मी थांबलो तो धीर होता म्हणून नव्हे. समोर मुले बसली होती, त्यांची लाज वाटली म्हणून थांबलो. विशेषतः त्या मुलाची. कोरी उत्तरपत्रिका दिल्याबद्दल मी त्याला रागावलो होतो. आता अर्धा पट शिल्लक असताना मीच डाव सोडला असता, तर त्याला कोणत्या तोंडाने काही सांगणार होतो?

आता शेवटचा प्रसंग नीट समजून घ्या. घरी पट असेल तर मांडून पाहा. काकांचे प्यादे शेवटून तिसऱ्या घरात आले होते. त्याला आणखी दोन घरे चालायची होती. माझा राजा त्याच्या अगदी पुढे वाट अडवून उभा होता. काकांचा राजा प्याद्याच्या मागे, एका बाजूला तिरपा होता. खेळी माझी होती. मला मागे सरणे भाग होते. मागे तीन घरे होती. एक सरळ मागचे आणि दोन तिरपी, एक डावीकडे, एक उजवीकडे.

तिरप्या घरात गेलो असतो तर डाव संपला असता. काकांचा राजा पुढे आला असता, त्याने मला बाजूला रेटले असते आणि प्यादे वजीर होऊन बसले असते. घाबरलेल्या माणसाला तिरपे पळावेसे वाटते. माझेही बोट उजवीकडे वळले होते. एवढ्यात मला आठवले. दोन वर्षांपूर्वी याच पडवीत, याच पटावर, हीच तीन घरे दाखवून कोणीतरी मला म्हणाले होते, "मागं सरायचं ते सरळ सरायचं. मग समोरचा राजा ज्या बाजूनं वर येईल, त्याच बाजूला त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं. मध्ये एकच घर ठेवायचं."

असे सांगणारे स्वतः काकाच होते.

मी राजा सरळ मागे घेतला. काकांचा राजा डावीकडून वर आला. मीही डावीकडे सरकलो. दोन राजे समोरासमोर उभे राहिले, मध्ये एक रिकामे घर. काकांनी प्यादे पुढे सरकवून शह दिला. मी पुन्हा प्याद्याच्या तोंडासमोर येऊन उभा राहिलो. आता काकांपुढे दोनच मार्ग होते. राजाने प्याद्याचा आधार सोडला, तर मी ते प्यादे खाणार आणि पटावर नुसते दोन राजे उरणार. आधार द्यायला राजा प्याद्याच्या मागे आणला, तर माझ्या राजाला शह नाही आणि हलायला एकही घर नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटतो.

काकांनी राजा प्याद्याच्या मागे आणून ठेवला. क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग हात पुढे केला आणि म्हणाले, "अर्धा तुमचा, अर्धा माझा. आठवण ठेवलीत हो, मास्तर."

बरोबरीत दोन्ही खेळाडूंना अर्धा अर्धा गुण मिळतो. काकांचा तो डाव जिंकता जिंकता निसटला होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसले नाही. आपण लावलेल्या झाडाची फांदी दारात आडवी आली तर माणूस जसा हसतो, तसे ते हसले.

संध्याकाळी घरी परतताना तो मुलगा माझ्याबरोबर चालत होता. बराच वेळ तो गप्प होता. मग त्याने विचारले, "सर, जीता कौन?"

"कोणी नाही."

"हारा कौन?"

"कोणीच नाही."

तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "फिर तीन घंटे खेले क्यों?"

मुलांनो, हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर मला लगेच देता आले नाही. चालता चालता मी त्याला सुलतान खान यांची गोष्ट सांगितली. मीर सुलतान खान हे पंजाबातले. लहानपणी तेही प्यादे एकच घर चालणारा देशी खेळ शिकले होते. मोठेपणी त्यांना विलायती नियम नव्याने शिकावे लागले. ते विलायतेला गेले आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी जिंकले. १९३१ साली प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये त्यांची गाठ अलेक्झांडर अलेखिन यांच्याशी पडली. अलेखिन तेव्हा जगज्जेते होते. तो डाव बरोबरीत सुटला. मी मुलाला विचारले, "एका नियमात वाढलेला माणूस दुसऱ्या नियमांनी खेळतो आणि जगज्जेत्याला जिंकू देत नाही. त्याने काहीच मिळवले नाही, असे तू म्हणशील का?"

तो काही बोलला नाही. पण वाटेत त्याने माझ्याकडे वर मान करून पाहिले. मग मी त्याला माझी दुसरी गोष्ट सांगितली. एक प्यादे गेले तेव्हा मी डाव सोडणार होतो, हेही सांगितले. ते सांगताना मला बरे वाटले नाही. पण खरे तेच होते. म्हटले, "तू उत्तरपत्रिका कोरी ठेवलीस, तोच राजा आडवा करणे. चूक झाली तर एक प्यादे जाते. कोरा कागद दिला तर सगळा डाव जातो."

आता 'बरोबरी' या शब्दाकडे पाहा. उर्दूतला 'बराबर' मराठीत 'बरोबर' झाला आहे. मराठीत त्याचे तीन अर्थ होतात. दोन गोष्टी सारख्या असल्या की त्या बरोबरीच्या. उत्तर अचूक असले की ते बरोबर. आणि कोणी सोबत असले की तो आपल्याबरोबर. मूळ फारसी शब्दात 'बर' म्हणजे छाती. 'बराबर' म्हणजे छातीला छाती भिडवून, समोरासमोर. त्या रविवारी पटावर दोन राजे उभे होते, ते असेच. माझ्याजवळ एक प्यादे कमी होते. तरी मी समोर उभा राहिलो म्हणून बरोबरी झाली. पाठ फिरवली असती तर झाली नसती.

मोठ्या खेळाडूंचेही असेच असते. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव तुम्ही ऐकले असेल. २०२५ च्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातल्या बातुमी शहरात तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. तेव्हा ती १९ वर्षांची होती. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपीसारखी अनुभवी खेळाडू होती. पहिले दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव खेळवले गेले. त्यांतला पहिलाही बरोबरीत सुटला. दुसरा दिव्याने जिंकला. वर्तमानपत्रांनी छापला तो शेवटचा विजय. पण आधीच्या तीन बरोबऱ्यांत ती टिकली नसती, तर तो चौथा डाव आलाच नसता. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला डी. गुकेश जगज्जेता झाला. तेव्हाच्या १४ डावांपैकी ९ डाव बरोबरीत सुटले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे तुम्हांला जाणून घ्यायचे असेल. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी तो वर्गात आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी आला आणि मागच्या बाकावर बसला. त्या आठवड्यात मी निबंध लिहायला दिला. त्याने सात ओळी लिहिल्या. सात ओळींत अकरा चुका होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले, 'पुढची खेळी तुझी.'

तो रविवारी पडवीत येऊ लागला. काकांनी त्याला घोड्यापुढचे प्यादे एक घर सरकवायला शिकवले. माझ्याप्रमाणे त्याच्याही चुका ते खेळी झाल्यावर हळूच सांगत. दहावीच्या परीक्षेत मराठीत त्याला फार गुण मिळाले नाहीत. उत्तीर्ण होण्यापुरते मिळाले. मला मात्र ते गुण पुष्कळ वाटले.

निकाल लागल्यावर तो पडवीत आला. आम्ही एक डाव मांडला. या खेपेस एक प्यादे मी वर होतो. मोहरे एकेक करून संपले. शेवटी माझा राजा, माझे प्यादे आणि त्याचा एकटा राजा उरले. त्याला मागे सरायचे होते. मागे तीन घरे होती. काका बाजूला बसून चहा पीत होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्याने बराच वेळ पटाकडे पाहिले, राजा उचलला आणि सरळ मागच्या घरात ठेवला. मग माझ्याकडे पाहून त्याने मराठीत विचारले,

"बरोबर ना, सर?"

मी म्हटले, "बरोबर."